वायरमनची चाल

माझा धंदा लोकांना हसवण्याचा, तोही तोंड न उघडता. शाळांची स्नेहसंमेलनं, गणपती मंडळं, ऑर्केस्ट्रा, बियाणे कंपन्यांचे शेतकरी मेळावे, जिथं जिथं दहा मिनिटं मोकळी सापडली तिथं मी उभा राहिलो. जालना जिल्ह्यात असं मोठं गाव क्वचितच असेल जिथं मी एखाद्या ट्रॉलीवर किंवा फळ्यांच्या स्टेजवर नाचलो-पडलो नाही. काही ठिकाणी मला अजून ‘मुका’ म्हणूनच ओळखतात. दुकानात जाऊन भाव विचारला की दुकानदार दचकतो. “अरे, तुम्ही बोलता व्हय?”

खरं तर सुरुवात आवाजानंच झाली होती. मी भोकरदनचा. शाळेत असल्यापासून सिनेमातल्या खलनायकांचे, पुढाऱ्यांचे, बसच्या ब्रेकचे, कोंबड्यांचे आवाज काढायचो. पुढं जुन्या जालन्यातल्या एका ऑर्केस्ट्रात लागलो. दोन गाण्यांच्या मधे वादक घाम पुसायचे, गायिका साडी बदलायची, तेवढ्यात मी माइक धरून आवाज काढायचो. असं करणारे तेव्हा गल्लोगल्ली होते. मी त्यांच्यातला बरा होतो, एवढंच.

मग एका लग्नसराईत माझा आवाज बसला. बसला म्हणजे पार गेला. डॉक्टरांनी महिनाभर एक शब्द बोलायचा नाही म्हणून सांगितलं. मी पाटीवर खडूनं लिहून ऑर्केस्ट्राच्या मालकांना कळवलं. त्यांनी पाटी वाचली, पान तोंडात सरकवलं आणि म्हणाले, “आवाज बैठा है ना? हाथ-पाँव तो नहीं बैठे. जा, कुछ भी कर. दस मिनट काट.”

त्या संध्याकाळी अंबडकडच्या एका खेड्यात मी स्टेजवर गेलो आणि माझ्यापुढं काहीच नव्हतं. माइकचा दांडाही मालकांनी मुद्दाम काढून घेतलेला. काय करावं ते सुचेना म्हणून मी नुसता उभा राहिलो. मग वाटलं, नुसता उभा आहे तर एसटीची वाट पाहतोय असंच दिसत असेल. म्हणून रस्त्याच्या टोकाला पाहिलं. घड्याळ पाहिलं. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बस आली, तशी मी गर्दीत घुसलो, कोपरं खाल्ली, खिडकीतून जागा धरायला रुमाल टाकला. आणि बस रुमाल घेऊन निघून गेली. मी तिच्यामागं धावलो ते स्टेजवरच्या स्टेजवर. लोक असे हसले की मला पहिल्यांदा त्या हसण्याचा पोत कळला. खलनायकाचा आवाज काढला की लोक त्या खलनायकासाठी हसायचे. आता ते स्वतःलाच हसत होते. आवाज महिन्याभरात परत आला, पण मी माइककडं परत गेलो नाही.

माझं नाव झालं ते मात्र चालीमुळं. कार्यक्रम असेल त्या गावी मी दुपारीच पोचायचो, चहाच्या हॉटेलात बाकड्यावर बसायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय पाहायचो. माणसाचं काम त्याच्या अंगात मुरलेलं असतं. वर्षानुवर्षं मशीन चालवणारा शिंपी रस्त्यानं चालतानाही एक टाच आपटतो. मोसंबीचा दलाल गर्दीत पोट पुढं करून वाट काढतो, हात मात्र मागं बांधलेले. ज्याच्या शरीरात व्यंग आहे त्याची चाल मी घेत नसे. गावात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही कुणी नीट न पाहिलेली चाल मी शोधायचो. संध्याकाळी ती स्टेजवर आणली की पहिली दोन-चार पावलं शांतता असायची, मग कुणीतरी ओरडायचं, “अरे, हे तर आपले मामा!” आणि मंडप कोसळायचा.

वाटूरला गणपतीत कार्यक्रम होता. दुपारी मी फाट्यावर चहा घेत बसलो होतो. परतूरकडून येणाऱ्या रस्त्यानं एक म्हातारे गृहस्थ येताना दिसले. उंच, वाळलेले, पांढरा सदरा, पायात जाड चपला. ते जमिनीकडं पाहतच नव्हते. मान वर, नजर तारांवर. उजवा खांदा जरा खाली उतरलेला, जणू त्यावर अजून तारेचं भेंडोळं आहे. पाय गरजेपेक्षा थोडा जास्त उचलायचे आणि आधी चवडा टेकवून जमीन चाचपायचे. प्रत्येक खांबापाशी अर्धं पाऊल थांबायचे, खांब वरून खाली पाहायचे, मान डोलवायचे आणि पुढं. वाटेत एक कुत्रं आडवं झोपलेलं होतं. त्याच्याकडं न पाहता ते त्याला अलगद ओलांडून गेले. कुत्र्यानं कानसुद्धा हलवला नाही.

“हे कोण?” मी हॉटेलवाल्याला विचारलं.

“वायरमन. रिटायर होऊन लई दिवस झाले. पण अजून सगळ्या गावची लाइन रोज चेक करून राह्यले.”

त्या संध्याकाळी मी त्यांना स्टेजवर आणलं. दुसऱ्या खांबापाशी मान डोलवली तोच सगळा गाव एका आवाजात ओरडला, “वायरमन!” बायका पदर तोंडात धरून हसत होत्या. पहिल्या रांगेत ते स्वतः बसले होते आणि गुडघ्यावर थापा मारत होते.

कार्यक्रम संपल्यावर पडद्यामागं आले.

“तूच का रे तो?”

“हो, काका. रागावला नाहीत ना?”

“राग कशाचा? पण मी खरंच असा चालतो?”

“हो.”

“मंग मी पडत कसा न्हाई?”

त्यांनी तिथंच चालून पाहिलं, पण आता लक्ष पायांकडं होतं, म्हणून मंडपाच्या दोरीला अडखळले. आम्ही दोघंही खूप हसलो. जाताना त्यांनी मान वर करून मंडपातल्या वायरी पाहिल्या, डेकोरेशनवाल्या पोराला एक उघडा जोड दाखवून चार शिव्या घातल्या आणि तारांकडं पाहत अंधारात निघून गेले.

‘वायरमन’ हा माझा सगळ्यात गाजलेला आयटम झाला. कारण वायरमन प्रत्येक गावात असतो. रात्रीच्या लाइटची वाट पाहणारे शेतकरी, जळालेली डीपी, आकडा टाकून घेतलेली वीज, हे सगळं मी त्या चालीभोवती रचत गेलो. मोबाइल आले तशी कुणीतरी त्याची चित्रफीत काढली आणि ती गावोगाव फिरली. नव्या जालन्यातल्या बियाणे कंपन्यांच्या मेळाव्यात साहेब लोक भाषण आवरतं घेऊन म्हणायचे, “चला, आता वायरमन येऊ द्या.” इतक्या वेळा ती चाल चाललो की मूळ माणूस मागं पडला. वाटूरच्या त्या म्हाताऱ्यांची आठवणसुद्धा येईनाशी झाली.

काही वर्षांनी, थंडी सुरू व्हायच्या सुमारास, एका दुपारी माझ्या घराचं दार वाजलं. मी तेव्हा नव्या जालन्यात स्टेशनच्या मागं राहायला आलो होतो. दारात पस्तिशीच्या एक बाई उभ्या होत्या, हातात गुंडाळलेला फलक.

“तुम्हीच ना वायरमन करता ते?”

“हो, या ना.”

“मी त्यांची मुलगी.”

त्या परतूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. पाणी दिलं ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं. वडील दोन वर्षांपासून विसरायला लागले होते, असं त्यांनी सांगितलं. आधी वस्तू, मग नावं, मग घरचा रस्ता. गावातले लोक हाताला धरून घरी आणून सोडायचे. एके दिवशी सकाळी ते लाइन पाहायला म्हणून निघाले आणि परत आलेच नाहीत. पोलिसांत कळवून झालं होतं, पत्रकं वाटून झाली होती, नातेवाईक मोटरसायकलींवरून सगळीकडं फिरले होते.

त्यांनी फलक उलगडला. फोटोत फेटा बांधलेला, दाढी केलेला, लग्नघरात उभा असलेला माणूस होता.

“दुसरा फोटोच न्हाई,” त्या म्हणाल्या. “आता दाढी वाढली असंल, कपडे फाटले असतील. ह्या फोटोवरून कोण वळखणार? पण त्यांची चाल तर बदलली नसंल ना, दादा? ती चाल तुम्हाला येते. तुम्ही नुसतं चालून दाखवा लोकांना.”

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तीच म्हणाली, “जाऊन या.”

पहिल्यांदा आम्ही वाटूर फाट्यावरच उभे राहिलो. ऑटोवाले जमले. काहींनी मला ओळखलं. “आरं, मुका आला!” मी चालायला लागलो. मान वर, खांदा खाली. खांबापाशी थांबलो, मान डोलवली आणि लोक हसले. हसणारच. मी हसवण्यासाठीच तर ती चाल घासूनपुसून तयार केली होती. मी मधेच थांबलो. मला पुढं पाऊल टाकवेना.

सिस्टरताई फोटो धरून बाजूला उभ्या होत्या. त्या मोठ्यानं म्हणाल्या, “हसा. बिलकुल हसा. पण ध्यानात ठेवा. असं चालणारं माणूस दिसलं तर मला फोन करा.”

मग कुणी हसलं नाही. मी पुन्हा सुरुवात केली.

त्या हिवाळ्यात आम्ही जमेल तेव्हा फिरलो. परतूरचा बाजार, मंठ्याचा बाजार, धान्याच्या मोंढ्याच्या फाटकाबाहेर, देवळांच्या पायऱ्यांपाशी, दर्ग्याच्या आवारात. ताई सुटी काढून यायच्या. त्या चार वाक्यांत हकिगत सांगायच्या, मी चालायचो, त्या नंबर द्यायच्या. माझं चालणंही बदलत गेलं. लोकांना हसू येईल ते सगळं मी काढून टाकलं. डोळे मोठे करणं, पाऊल लांबवणं, मान डोलवल्यावर थोडं थांबून टाळ्यांना जागा देणं, सगळं. एकेक वगळत गेलो तसं खाली जे उरलं ते त्यांचंच होतं. एकदा मंठ्याला मी चालून परत वळलो तर ताई तोंड फिरवून उभ्या होत्या. “आता बराबर तेच दिसतेत,” त्या म्हणाल्या. “मला पाहवत न्हाई.”

आणि फोन यायला लागले. मंठ्याहून आला, “दिसला होता, वर पाहत चालला होता.” परतूरहून आला. जालन्याला स्टेशनसमोरच्या एका पानवाल्यानं सांगितलं की असा एक माणूस पुलाकडं जाताना त्यानं स्वतः पाहिला. प्रत्येक फोनवर आम्ही धावलो. दरवेळी सांगणारा छातीठोक सांगायचा, बोटानं दिशा दाखवायचा, आणि त्या दिशेला कुणी नसायचं. ताईंची आई फोनवर विचारायची, “दिसले का?” ताई म्हणायच्या, “दिसले, आई. पण भेटले न्हाईत.” माउली त्यावरही समाधान मानायची. दिसले म्हणजे आहेत.

भोकरदनला ते उघड झालं. माझं स्वतःचं गाव. स्टँडजवळच्या एका फळवाल्या चाचांनी त्या चालीबद्दल ऐकून ताईंना बोलावून घेतलं होतं. मी मागून पोचलो.

“देखा ना, बेटा. अपनी आँखों से देखा,” ते सांगत होते. “ऊपर देखते हुए जा रहे थे. नीला शर्ट था. झोला था बगल में.”

ताईंनी हळूच वळून माझ्याकडं पाहिलं. मी निळा शर्ट घातला होता. खांद्याला शबनम पिशवी होती. आदल्या आठवड्यात मी भोकरदनला बहिणीकडं आलो होतो, तेव्हाही हाच शर्ट होता. पण तेव्हा मी कुणाला काही चालून दाखवलं नव्हतं. मी माझा माझा, स्टँडवरून बहिणीच्या घरी चालत गेलो होतो.

चाचा माझ्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी हातातलं मोसंबं खाली ठेवलं आणि म्हणाले, “या अल्ला.”

ताई आधी हसल्या. मग तिथल्याच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि त्यांना उठताच येईना. मी शेजारी बसलो. आम्ही एकेक फोन आठवत गेलो. मंठ्याला दिसला त्याच्या आधी मी तिथं एका शाळेत कार्यक्रम ठरवायला गेलो होतो. परतूरला गेलो होतो. स्टेशनसमोरच्या पुलावरून तर मी रोजच जातो. सगळ्या जिल्ह्यानं ज्या माणसाला पाहिलं होतं, तो मी होतो.

“म्हंजे त्यांना कोणीच पाह्यलं न्हाई,” ताई म्हणाल्या. “एकानंबी न्हाई.”

घरी आल्यावर मी बायकोला विचारलं, “मी असा चालतो का गं, एरवी?” ती म्हणाली, “चालता. दिवाळीपासून. मी म्हणलं, ध्यान असंल तुमचं त्या माणसाकडं, कशाला टोकावं?”

मी ती चाल सोडायचा प्रयत्न केला. रस्त्यानं जाताना मुद्दाम खाली पाहायचो, पावलं मोजून टाकायचो. चौकापर्यंत जमायचं. मग कुणी ओळखीचं भेटायचं, दोन शब्द बोलणं व्हायचं आणि पुढं निघालो की खांदा आपोआप उतरलेला असायचा. मोंढ्याजवळ एकदा नालीत पडता पडता वाचलो. इतकी वर्षं मी शेकडो चाली अंगात घातल्या आणि काढून ठेवल्या होत्या, सदरा काढून ठेवावा तशा. ही निघत नव्हती.

एक दिवस वाटूरला ताईंच्या घरी गेलो होतो. दुपारची वेळ. त्यांची वाट पाहत बसण्यापेक्षा जरा फिरून यावं म्हणून बाहेर पडलो. गावाच्या मागून शेतांतून एक लाइन जाते. तिच्याखाली उभा राहिलो आणि म्हटलं, पाहू तरी, ते कसे गेले असतील. मी चालायला लागलो. कुणी बघणारं नव्हतं, कुणाला दाखवायचं नव्हतं. कापसाच्या वावरातून, बांधावरून, एका ओढ्यातून. तारा वर बारीक गुणगुणत होत्या. एक खांब आला की पुढचा दिसतो, आणि त्याच्यापर्यंत जाणं सोपं वाटतं. तिथं पोचलं की त्याच्या पुढचा दिसतो. वर पाहत चाललं की मागं काय राहिलं ते कळत नाही, परत फिरावं असं वाटायचं काही कारणच उरत नाही. मला खूप हलकं वाटत होतं. किती लांब आलो ते कळलंच नाही. फोन वाजला म्हणून भानावर आलो. ताई विचारत होत्या, “दादा, कुठं आहात?” मी आजूबाजूला पाहिलं. मला खरंच सांगता येईना. एका शेतात काम करणाऱ्या बाईला गावाचं नाव विचारून मी ते फोनवर सांगितलं. ताई म्हणाल्या, “तिथंच थांबा. हलू नका. मी गाडी पाठवते.”

त्या दिवसानंतर त्यांनी मला शोधायला नेलं नाही.

उन्हाळ्यात बातमी आली. शेजारच्या जिल्ह्यात रस्त्यावर सापडलेल्या निराधार माणसांना ठेवून घेणारा एक आश्रम आहे. तिथं औषधं द्यायला जाणारी एक सिस्टर ताईंच्या ओळखीची निघाली. तिनं सांगितलं, एक म्हातारा आहे, नाव-गाव सांगत नाही, दिवसभर छताच्या पंख्याकडं पाहतो आणि मधेच म्हणतो, ‘फेज गेला.’ ताई त्याच दिवशी गेल्या. ते त्यांचेच वडील होते.

घरातून निघाल्यावर दोन-तीन दिवसांतच ते एका पुलाखाली पडले होते. खुबा मोडला होता. एका टेम्पोवाल्यानं उचलून आश्रमात पोचवलं. म्हणजे ताई माझ्या दारात आल्या त्याच्या आधीच त्यांचं चालणं संपलेलं होतं. आम्ही बाजारोबाजार ज्या चालीनं त्यांना शोधत होतो, ती चाल तेव्हा फक्त माझ्याकडंच होती. ते तिथं लोखंडी खाटेवर पडून होते.

त्यांना घरी आणल्यावर मी भेटायला गेलो. ओट्यावर, मागं रेलता येणाऱ्या आरामखुर्चीत त्यांना बसवलं होतं. पायांवर चादर. दाढी ताईंनी करून दिलेली. त्यांनी मला ओळखलं नाही, पण हात जोडले. त्यांची बायको चहा घेऊन आली. लहानखुरी, कपाळावर मोठं कुंकू. कप माझ्या हातात देऊन ती उभीच राहिली.

“भाऊ, एक मागू का?”

“मागा ना, काकू.”

“एकदा चालून दाखवा ह्यांना.”

ताई आतून म्हणाल्या, “आई, राहू दे.”

“का राहू दे? ह्यांना वाटतं आपण कधी चाललोच न्हाई. काल मला म्हणले, मी जल्मापासून असाच का?”

मी कप ठेवला. अंगण लहानसंच होतं. फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. काही आठवावं लागलं नाही, काही जुळवावं लागलं नाही. फाटकापासून ओट्यापर्यंत चाललो. वाटेत घराच्या कोपऱ्यावर सर्व्हिस वायर येते तो पाइप आहे, तिथं अर्धं पाऊल थांबलो, वर पाहिलं, मान डोलवली.

ओट्याजवळ आलो तेव्हा म्हातारे टक लावून पाहत होते. चेहऱ्यावर हसू नव्हतं, ओळखही नव्हती. काळजी होती. त्यांनी बायकोचा पदर ओढला आणि हळू आवाजात, मला ऐकू जाणार नाही अशा समजुतीनं, म्हणाले, “त्याला सांग, खाली पाहून चाल म्हणावं. पडन बिचारा.”

काकूंनी तोंडाला पदर लावला. त्या रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही. नंतर त्यांनी सांगितलं की लग्न झाल्यापासून रोज सकाळी ते घरातून निघताना त्या हेच वाक्य म्हणत आल्या होत्या. काकांनी ते कधी ऐकून घेतलं असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

पावसाळा संपता संपता ते गेले. तेराव्याला ताईंनी मला मुद्दाम बोलावलं. मी फाट्यावर उतरून पायी गेलो. रस्त्यावरची माणसं एरवी हाक मारायची, थट्टा करायची. त्या दिवशी कुणी बोललं नाही. ओट्यांवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. एका म्हाताऱ्या बाईनं दोन्ही हात जोडून डोक्यावरचा पदर पुढं ओढला, घरातलं मोठं माणूस रस्त्यानं चाललं की ओढतात तसा. ते मला उद्देशून नव्हतं. मी खाली पाहून, शक्य तितक्या लवकर, घर गाठलं. पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंची पानं बराच वेळ रिकामी राहिली. शेवटी ताईंच्या नवऱ्यानं येऊन माझ्याशेजारी मांडी घातली.

वाटूरला मी पुन्हा कार्यक्रम केला नाही. बोलावणी आली, मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. ‘वायरमन’ हा आयटमही सोडला. लोक अजून मागतात, मी बसस्टॉप करतो, न्हाव्याचा आरसा करतो, कटलेल्या पतंगामागं धावणारं पोर करतो. हशा येतो. पूर्वीइतका नाही. ताईंचा फोन सणावाराला येतो. काकू आता त्यांच्याकडंच परतूरला असतात. तब्येतीची चौकशी झाली की त्या एकदा तरी विचारतात, “रस्त्यानं नीट चालता ना, भाऊ?” मी हो म्हणतो.

डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं आहे, शुगरसाठी. रस्त्यावर नको म्हणून मी सकाळी गच्चीवरच चालतो. आमचा स्लॅब पातळ आहे, खाली पावलांचा आवाज जातो, कोण चालतंय ते चालीवरून कळतं. परवा उतरून आलो तर बायको गॅससमोर पाठमोरी उभी होती. तिनं न वळताच विचारलं, “आज वर कोण चालून राह्यलं होतं?”

“मी,” मी म्हणालो.

तिनं गॅस बारीक केला, चहा गाळला आणि कप माझ्यापुढं ठेवला.

“बसा,” ती म्हणाली. “जरा वेळ बसा बरं.”